मोहगावचे चार दिवस

छिंदवाड्याहून नागपूरकडे निघालेली मोटार उमरानाला मागे टाकून सिलेवानीच्या घाटात शिरली की भाषा बदलते, असे आमचे वडील सांगत. वर पठारावर हिंदी, आणि घाट उतरून रामाकोना-सौंसरच्या बाजूस आले की चहाच्या टपरीवरदेखील 'काय पायजे?' असा प्रश्न कानी पडतो. गेल्या श्रावणात पुष्कळ वर्षांनी आम्हांस या वाटेने जाण्याचा योग आला, आणि वडिलांचे म्हणणे अजून खरे असल्याचे पाहून मन सुखावले. पूर्वी या प्रवासाला सातपुड्याची अरुंद रुळांची गाडी होती. ती २०१५ साली बंद झाली, रुंद रूळ पडले, आणि खिडकीतून हात काढून सीताफळे विकत घेण्याची आमच्या लहानपणीची मौज संपली.

आपल्या वाचकांपैकी बहुतेक घराणी इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, बडोदा अशा ठिकाणी केव्हातरी कोठूनतरी आलेली आहेत; कोणी सरदारांबरोबर, कोणी कारकुनीसाठी, कोणी रेल्वेच्या नोकरीवर. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी माणसाची गोष्ट निराळी आहे. तो कोठून आलेला नाही. तो आपल्या जागी बसून राहिला आणि सीमारेषा त्याच्या शेताच्या बांधावरून गेली. नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, मग मध्यप्रांत, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्यप्रदेश. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. पाट्या हिंदी, सातबाऱ्याऐवजी खसरा, आणि घरात मात्र पुरणाच्या पोळीवरून चालणारे वाद शुद्ध मराठी.

मोहगाव, ज्याला मोहगाव हवेली असेही म्हणतात, हे याच सौंसर तालुक्यातले. अर्धनारीश्वराच्या देवस्थानासाठी ते प्रसिद्ध आहे. शुक्राचार्यांनी येथे तप केले अशी लोकांची श्रद्धा आहे. श्रावणात दर्शनाला गर्दी असते. गावाजवळून सर्पा नदी जाते. आमच्या आत्येबहिणीचे, अक्काचे, सासर येथले. चार दिवस राहावे, सोमवारचे दर्शन घ्यावे, संत्र्याच्या बागा हिरव्या फळांनी लगडलेल्या पाहाव्या, एवढाच आमचा बेत होता. परंतु या चार दिवसांत देवळापेक्षा आमचा अधिक वेळ गेला तो एका अंगणवाडीत, आणि त्याविषयीच लिहावेसे वाटते.

अक्काची धाकटी सून गावालगतच्या एका वस्तीत अंगणवाडी चालवते. वस्तीचे नाव येथे सांगत नाही. मुले तिला तिकडच्या रिवाजाप्रमाणे 'दीदी' म्हणतात. दारावरची पाटी हिंदीत, रजिस्टर हिंदीत, आणि गाणी मात्र मराठीत, कारण तीन वर्षांच्या पोराला पाटी वाचता येत नाही आणि आईची भाषा तेवढी कळते. वस्तीच्या मधून एक नाला वाहतो आणि नाल्यावर एक बुटका फरशी पूल आहे. त्याला तेथे सारे 'रपटा' म्हणतात. उन्हाळ्यात त्याच्याखालून शेळीदेखील पाय न भिजवता जाते.

या भागातल्या पाण्याचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागतो. कृष्णाकाठचा पूर चढत चढत येतो आणि आठ-आठ दिवस मुक्काम करतो. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकरांनी ते भोगले. सातपुड्याच्या पायथ्याचा पूर पाहुण्यासारखा येत नाही, चोरासारखा येतो. पाऊस वर डोंगरात पडतो; खाली ऊन असते. तासा-दीडतासात ओढ्याला लोंढा येतो आणि दिवेलागणीपर्यंत ओसरूनही जातो. कन्हान आणि जाम या येथल्या मोठ्या नद्या; त्यांच्या पुराची वार्ता निदान आधी पोहोचते. लहान नाल्यांची वार्ता त्यांच्या आवाजानेच कळते.

आणि ही थट्टेची गोष्ट नाही, हे येथल्या म्हाताऱ्यांना सांगावे लागत नाही. पांढुर्ण्याहून फार दूर नाही, सीमेपलीकडे नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी मोवाड आहे. हीच वर्धा मुलताईजवळ, म्हणजे मध्यप्रदेशातच, उगम पावते. ३० जुलै १९९१ रोजी तिच्या पुराने मोवाडमध्ये २०४ माणसे नेली. अक्काचे यजमान त्यानंतर मदतीला गेलेल्यांपैकी एक. ते त्याबद्दल बोलत नाहीत. 'चिखल होता' एवढेच म्हणतात आणि तंबाखूची डबी शोधू लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सूनबाईंबरोबर अंगणवाडीत गेलो. आम्ही सेवानिवृत्त शिक्षक. लहान मुले दिसली की आमचा पाय निघत नाही. सतरा मुले होती. एक गाणे झाले, मग मणी ओवणे, मग बचतगटाच्या बायकांनी शिजवलेला पोषण आहार आला. अकराच्या सुमारास उत्तरेला डोंगरावर आभाळ काळे झाले. आमच्या डोक्यावर मात्र पाऊस नव्हता. मदतनीस बाई दारात जाऊन पाहून आली आणि म्हणाली, "दीदी, सोडून देऊ का लेकरांना? आभाळ लय आलंय."

आम्हांसही तेच योग्य वाटले. पाऊस येतो आहे, मुले आपापल्या घरी सुखरूप असावीत. शाळा लवकर सोडावी. जन्मभर आम्ही हेच केले. सूनबाईंनी मात्र फळीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही काढली. वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन रकाने होते. एक 'अलीकडे', एक 'पलीकडे'. सतरांपैकी अकरा मुलांची घरे नाल्याच्या अलीकडची. त्यांना वहीत लिहिलेल्या माणसांच्याच हाती, एकेकाला बोटाला धरून, पोहोचते केले. राहिली सहा. त्यांची घरे पलीकडची, आणि ती त्यांनी सोडली नाहीत.

"अजून पाणी नाही, पटकन जातील," आम्ही म्हणालो.

"मामाजी, नेमकी तेव्हाच जातात," त्या म्हणाल्या.

त्यांनी पलीकडच्या आशाताईंना फोन केला, मुले येथेच आहेत असे सर्वांना सांगावयास सांगितले, आणि मुलांना पुन्हा मणी ओवायला बसवले. पाऊण तासाने नाल्याचा आवाज बदलला. आम्ही बाहेर येऊन पाहतो तो रपट्याची कड दिसेनाशी झालेली. पाणी फार नव्हते. प्रौढ माणसाच्या घोट्याच्या वर, पोटरीपर्यंत. शहरातला माणूस म्हणेल, यात काय आहे. पण वाहते पाणी सहा इंच असले तरी धडधाकट माणसाचा पाय उचलते, आणि फूटभर पाणी मोटार तरंगवते. तीन वर्षांच्या मुलाचा तेथे हिशेबच नको.

पलीकडच्या काठावर निंदणावरून परतलेल्या बायका जमल्या. कोणीतरी रडू लागले. एक तरुण बाप पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रपट्याच्या तोंडाशी आला आणि पाय टाकून अंदाज घेऊ लागला. सूनबाई धावत काठाशी गेल्या आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडल्या, "येऊ नका! लेकरू जेवलंय! जेवलंय तो!"

तो थांबला. थोडा वेळ उभा राहिला, आणि मागे सरून काठावर उकिडवा बसला. 'सुरक्षित आहे', 'काळजी करू नका' असले शब्द त्याला अडवू शकले नसते असे आम्हांस वाटते. जेवलेल्या लेकराला कोणीतरी पाहते आहे, हे त्याला समजले.

सायंकाळी पाणी उतरले, पण रपट्यावर गाळाची बुळबुळीत साय राहिली होती आणि अंधार पडत होता, म्हणून त्या दिवशी कोणालाच ओलांडू दिले नाही. चार मुले वहीतल्या 'अलीकडच्या घरी' गेली: कोणी मामाकडे, कोणी आजीच्या बहिणीकडे, एक पिठाच्या गिरणीवाल्यांकडे. दोघांच्या नावापुढचा 'अलीकडे'चा रकाना मात्र कोरा होता. ती दोघे रात्री अक्काकडे झोपली. एक सारखे पांघरूण लाथाडी आणि दुसरे झोपेत आईला हाक मारी.

येथे आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगतो. आमचे धाकटे बंधू पाच वर्षांचे असताना एका शहरातल्या बालमंदिरात जात. शहराचे व संस्थेचे नाव नको. त्या काळी सगळीकडे असेच चाले. आभाळ आले म्हणून बाईंनी भर दुपारी मुले सोडली. घराच्या वाटेवर ओढा होता. बंधूंना एका गवळ्याने दुधाच्या कावडीसकट खांद्यावर घेऊन आणले तेव्हा त्यांची एक चप्पल नव्हती आणि दोन दिवस त्यांच्या तोंडातून शब्द फुटला नाही. बाईंचा हेतू चांगला होता. त्यांना मुले कोठे राहतात हे ठाऊक होते. मध्ये काय वाहते याचा विचार मात्र कोणी केलेला नव्हता. पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो आणि कित्येक पावसाळ्यांत, आभाळ पाहून, तशीच शाळा सोडली. मोहगावच्या त्या दुपारी प्रथम आम्हांस आपल्या नशिबाची कल्पना आली.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही ती वही मागून घेतली. ती रोहिणी नक्षत्राच्या आधी आयांना एकत्र बसवून लिहिली जाते. मुलाला कोण नेणार याची दोन नावे, तिसऱ्याच्या हाती मूल द्यायचे नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. रपटा बुडाला तर मूल कोणाकडे राहील. कोणते औषध चालू आहे. एका मुलाला फिट येतात, त्याच्या गोळीची एक पट्टी अंगणवाडीत वरच्या फळीवर आणि एक त्या अलीकडच्या घरी. कोणाचे अंगावरचे दूध अजून सुटलेले नाही. वहीची दुसरी प्रत नाल्यापलीकडे आशाताईंच्या घरी, कारण एकच प्रत असेल तर ती नेमकी चुकीच्या काठावर असते. आता मुलांच्या नोंदी मोबाइलमध्ये होतात. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आहे. पण झडीत दोन दिवस वीज गेली की मोबाइल झोपतो. शिसपेन्सिलीने लिहिलेला कागद झोपत नाही, आणि भिजला तरी शिसे पसरत नाही, हेही त्यांनी अनुभवाने शोधलेले.

"आणि हे दोन कोरे?" आम्ही विचारले.

सूनबाई थोड्या घुटमळल्या. मग अक्काच बोलली. एका मुलाला अलीकडच्या बाजूला जवळचे घर होते, परंतु बांधाच्या वादावरून चार वर्षे बोलणे बंद. दुसऱ्याची आजी म्हणाली होती, ज्या घरी आम्ही पाणी पीत नाही त्या घरी नातू झोपणार नाही. सूनबाईंनी वाद घातला नाही. रकाना कोरा ठेवला, खोडला नाही.

अंगणवाडी ही आपल्या सर्वांच्या परिचयाची गोष्ट आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ गटांत सुरू झाली, महाराष्ट्रात पहिला मान मेळघाटातल्या धारणीला मिळाला. सहा वर्षांखालील मुले, गरोदर व स्तनदा माता, आहार, लसीकरण, शाळेपूर्वीचे शिक्षण, असा तिचा पसारा. परंतु शब्द आणि कल्पना त्याआधीची, ताराबाई मोडकांची. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून ताराबाई आणि अनुताई वाघ खेड्यातल्या मुलांत काम करू लागल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे हे त्यांनी करून दाखवले. हे आम्ही अध्यापन विद्यालयात पाठ केले होते. त्याचा उपयोग पुरानंतर होतो हे मात्र मोहगावात कळले.

कारण एका पावसाळ्यात नाल्याचे पाणी अंगणवाडीच्या खोलीतच शिरले होते, गुडघाभर. रात्रीची वेळ, म्हणून मुले नव्हती. सकाळी पाणी गेलेले आणि गाळ राहिलेला. खोली भाड्याची आणि सखल जागी. तशी का निवडली हा प्रश्न आम्ही विचारला नाही, खेड्यात जी मिळते ती खोली असते. सतरंज्या, तक्ते, लाकडी ठोकळे, धान्याची पोती, सारे चिखलात. सूनबाई म्हणाल्या की सर्वांत कठीण गोष्ट गाळ काढणे नव्हती, धान्य टाकणे होती. वस्तीतल्या म्हाताऱ्या म्हणत, उन्हात वाळवू, धुऊन घेऊ, अन्न आहे ते. पुराच्या पाण्यात गटाराचे, गोठ्याचे, मेलेल्या जनावरांचे सारे असते. त्याने भिजलेले अन्न धुऊन शुद्ध होत नाही. त्यांनी ती पोती सर्वांदेखत खतखड्ड्यात पुरली. दोन दिवस त्यांच्याशी कोणी नीट बोलले नाही.

बाकीचे शिकण्यासारखे. आधी विजेचा मुख्य खटका बंद करून तारा तपासून घेतल्या. भिंतीच्या सांदीत, वळकट्यांत काठीने आधी ढोसून पाहिले, कारण पाण्याबरोबर साप-विंचूही आसरा शोधतात. लाकडी ठोकळे आणि कापडाच्या बाहुल्या, जिवावर आले तरी, जाळल्या. पाणी पिणारी वस्तू आतून शुद्ध होत नाही. प्लॅस्टिकची व स्टीलची भांडी-खेळणी साबणाने, मग ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवली. क्रम महत्त्वाचा; चिखलावर ब्लीचिंग शिंपडून काही होत नाही. विहिरीत एरवी हजार लिटर स्वच्छ पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते, पण पूर शिरलेली विहीर आधी उपसावी लागते. तोवर पिण्याचे पाणी उकळूनच. या साफसफाईत मुलांना हात लावू दिला नाही, जरी ती चिखल पाहून आनंदाने धावत आली होती.

आणि मग आठवड्याने जुलाब सुरू झाले. पूर गेल्यावरचा हा दुसरा पूर, आणि लहान मुलांना खरा धोका याचाच. मीठ-साखरेची पाकिटे आणि जस्ताच्या गोळ्या फळीवर होत्या म्हणून बचावले. सहा महिन्यांवरच्या मुलाला दिवसाला २० मिलिग्रॅम जस्त, जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे, हे आयांना पुनःपुन्हा सांगावे लागले. दर आठवड्याला दंडघेराची पट्टी लावून पाहिली. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड गेला की मूल धोक्यात, पट्टी लाल रंग दाखवते. दोघांचा लाल आला. दोघांनाही दवाखान्यात पोहोचवले.

खोली वाळेपर्यंत तीन आठवडे गेले. पण अंगणवाडी चौथ्या दिवशी भरली होती, एका घराच्या पडवीत. सतरंजी नाही, तक्ता नाही, एक घमेले आणि मूठभर चिंचोके. मुले पहिले काही दिवस एकच खेळ खेळत: पाणी आले, पळा, मडके उचला. मोठ्यांना ते अशुभ वाटे. सूनबाईंनी खेळू दिले. आठ-दहा दिवसांनी खेळात बाजार आला, मग लग्न आले, मग पूर मागे पडला. पडवीत, चिंचोक्यांवर चाललेली ती वाडी ताराबाईंनी पाहिली असती तर त्यांना आपलीच वाटली असती.

आता वजनकाटा छताच्या कडीला टांगलेला असतो, धान्य माळ्यावर, आणि औषधे, वही, दंडघेराच्या पट्ट्या एका लोखंडी पेटीत वरच्या फळीवर. पेटीचे झाकण गंजले होते. चौथ्या दिवशी निघताना आम्ही फळीचे माप दोरीने घेतले. सर्पा तेव्हा पुन्हा शहाण्यासारखी वाहत होती. बायका धुणे धूत होत्या, आणि रपट्यावर तोच तरुण बाप मुलाला खांद्यावर घेऊन येत होता. त्याने आम्हांस ओळखले नाही.

घरी आल्यावर पत्र्याची एक पेटी करवून सौंसरला जाणाऱ्याबरोबर पाठवली. दिवाळीच्या सुमारास सूनबाईंचा फोन आला. पेटी फळीवर बरोबर बसली म्हणाल्या. शिवाय एक बातमी: नातू रात्रभर अक्काकडे झोपला होता, हे ज्या आजीला आवडले नव्हते ती स्वतःहून आली आणि तिने गिरणीवाल्यांचे नाव लिहायला सांगितले. बांधाच्या वादाचा रकाना अजून कोरा आहे.